अकरावा दगड

खण कुरकुरला.

दुपारची वेळ. घरात इतकं सामसूम होतं की कपड्यांच्या घड्या घालतानाची सळसळही मोठी वाटत होती. ही पाऊण तासाची शांतता माझी. लेक झोपलेली, नवरा कामावर, भांडी घासून पालथी घातलेली. आणि नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीत कपाटाचा सगळ्यात खालचा खण कुरकुरला. लाकूड फुगलं की तो खण अडतो. कित्येक वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता.

"खारू! झोपली होतीस ना तू?"

"झोपून झालं माझं," आतून उत्तर आलं.

खारू म्हणजे माझी लेक. पाच वर्षांची. जिथे हात पोचेल तिथलं उचलायचं आणि जिथे कुणाचा हात पोचणार नाही तिथे दडवायचं, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं हे नाव. मी उठून गेले, तर बाईसाहेब खिडकीशी खुर्चीवर चढलेल्या. दोन्ही हातांनी काचेवर एक ट्रेसिंग पेपर दाबून धरलेला. कडा पिवळ्या पडलेल्या, मधोमध पावसाच्या थेंबांचे वाळलेले डाग.

तो कागद मी दारातूनच ओळखला.

"ठेव ते खाली. फाटेल."

"आई, हा कागद वेडा आहे." तिने तोंडही वळवलं नाही. एक बोट कागदावरून फिरवलं, मग हात मागे घालून काचेच्या बाजूने फिरवलं. "रेघा मागून लागतात आणि नंबर पुढून लागतात. हात लावून बघ ना. डोळे मिटलेस तरी कळतं."

हातातला फ्रॉक तसाच राहिला.

डोळे मिटलेस तरी कळतं... सात वर्षं मी एका माणसाला मनातल्या मनात दोष देत आले होते. त्याने मला विचारलंच नाही म्हणून. आणि आज माझ्या लेकीने बोट फिरवून मला सांगितलं, की त्याला तेव्हाच सगळं कळलं होतं.

*

तेव्हा मी जमीन मोजणीच्या कार्यालयात नकाशे उतरवायचे. जुने नकाशे कापडावर चिकटवलेले, घडी घातली की भुगा होणारे. ते बाहेर जात नसत. कुणाला हवा असेल तर काचेच्या टेबलावर नकाशा ठेवायचा, खालून दिवा लावायचा, वर ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि शाईने ओळ न् ओळ उतरवून द्यायची. हे काम मला शिकवलं आमच्या भिंगकाकांनी. वय झालेले, डोळ्याला सतत भिंग. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "पोरी, एक लक्षात ठेव. ओळ आणि अक्षर एकाच अंगावर. ओळी एका बाजूने काढल्यास आणि कागद पालटून अक्षरं दुसऱ्या बाजूने लिहिलीस, तर बघणाऱ्याला काही कळत नाही. नकाशा दिसतो सरळ, असतो उलटा. उजवीकडची विहीर डावीकडे जाते आणि माणसं भलतीकडे खणत बसतात."

मी हसले होते. एवढी मोठी चूक कोण करेल?

तो आला एका सोमवारी. काउंटरवर दोन्ही पंजे टेकून उभा.

"हात काढा आधी," मी म्हटलं. "आत्ताच पुसलाय तो."

त्याने पंजे उचलले. खाली दहा पांढऱ्याशुभ्र बोटांचे ठसे. मनगटापर्यंत हात पांढरे, भुवईवरही एक पांढरा ठिपका.

"माफ करा. चुना आहे. लावायचं काम करतो, त्यामुळे लागतो."

"लोकांना लावता की भिंतींना?"

"सध्या भिंतींना." तो जरासा हसला. "लोकांचं काय ते तुमच्या ओळखीने बघू."

भिंगकाका खाकरले. मी घाईघाईने फडकं घेतलं... आणि ते ठसे मात्र पुसले नाहीत. का, ते नका विचारू.

तो गवंडी होता. जुन्या इमारती दुरुस्त करणारा, चुन्यात काम करणारा. आमच्या गावातल्या वाचनालयाची भिंत त्याच्याकडे होती. शेजारच्या बेकरीची ओल काढताना त्याला भिंतीत एक दगड सापडला होता. वर चारचा आकडा कोरलेला, खाली बाण.

"चार आहे म्हणजे एक-दोन-तीन असणारच," तो म्हणाला. "आणि पाच-सहाही असतील. तुमच्याकडे कागदावर काही आहे का?"

होतं. शोधायला मला आठ दिवस लागले. दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा, गावाची जुनी हद्द, आणि त्या हद्दीवर टाचणीच्या टोकाएवढे अकरा ठिपके. मी याच गावात जन्मले, याच गावात शाळेत गेले, आणि माझ्या पायाखालून एक अख्खी हद्द गेली होती हे मला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे हे अकरा दगड अजून कुठेतरी आहेत," त्याने त्या ठिपक्यांवर, कागदाला न लावता, बोट फिरवलं. "कुणाच्या पायरीत, कुणाच्या न्हाणीत. रविवारी काय करता, नकाशेबाई?"

"धुणं."

"शनिवारी धुवा."

*

शनिवारी धुवायला लागले.

दर आठवड्याला मी एका भागाचा नकाशा उतरवायचे आणि रविवारी सकाळी आम्ही तो घेऊन निघायचो. नियम त्याने केला. जो दगड आधी शोधेल त्याने एक प्रश्न विचारायचा. दुसऱ्याने खरं उत्तर द्यायचं. खोटं बोललेलं कळलं तर तो दगड बाद.

सात नंबरचा दगड केशकर्तनालयात सापडला. खुर्चीवर बसणारी गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर पाय ठेवत आली होती. न्हावी म्हणाला, "आकडा? अहो, मला वाटलं घसरू नये म्हणून कोरलंय!" आम्हा दोघांत तो दगड त्याने आधी पाहिला. प्रश्न त्याचा.

"मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा काय वाटलं?"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं मला त्याच क्षणी कळलं. न कळल्यासारखं दाखवलं.

"काउंटर पुन्हा पुसावा लागणार, असं."

"खरं सांगायचा नियम आहे."

"खरंच सांगतेय. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हाचं विचार."

"त्यासाठी दुसरा दगड शोधावा लागेल," तो म्हणाला आणि इतक्या झपाझप चालायला लागला की मला पळावं लागलं.

दोन नंबरचा दगड माझ्याच शाळेच्या कुंपणात होता. दहा वर्षं मी त्याच्यावर बसून मधल्या सुट्टीत डबा खाल्ला होता! मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. नऊ नंबरचा एका आजींच्या अंगणात, फुलांच्या कुंडीखाली. आजी कुंडी हलवू देईनात. आम्ही जमिनीवर पालथे पडून, गाल मातीला टेकवून आकडा वाचत होतो — समोरासमोर, वीतभर अंतरावर. त्याच्या पापण्यांवरही चुन्याची धूळ असते हे मला तेव्हा कळलं.

"लग्न झालंय का गं तुमचं?" वरून आजी.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही," तो म्हणाला. एकाच वेळी.

परतताना एकदा त्याने माझ्या केसांतली माती झटकली. गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

वाचनालयाची भिंत पूर्ण झाली त्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं. गिलावा असा की वाटावं साय धरलीय. तो डोळे मिटून भिंतीवरून बोटं फिरवत होता.

"हे काय?"

"डोळे फसवतात. उजेड तिरपा पडला की वाकडी भिंत सरळ दिसते. बोटं नाही फसत." मग तो खाली वाकला आणि अगदी कोपऱ्यात, ओल्या चुन्यात अंगठा दाबला. "भिंत पुरी झाली की एवढं करायचं. माझ्या बाबांनी शिकवलं. नाव नाही, गाव नाही. नुसता अंगठा."

"वाळला की संपलं?"

"चुना सिमेंटसारखा घायकुतीला येत नाही. ओलं पोतं टाकून ठेवलं तर आठ-दहा दिवस वाट बघतो." तो माझ्याकडे बघत राहिला. "एखाद्या भिंतीवर तुझाही घेईन अंगठा. माझ्या शेजारी."

"मी काय अडाणी आहे? मी सही करते."

"सही काय, कुणीही करतं," तो म्हणाला.

*

दहावा दगड सापडला त्या संध्याकाळी कालव्याच्या पुलावर आम्ही कठड्याला रेलून उभे होतो. वारा सुटला होता. दोघांत मिळून एक भाजलेलं कणीस... तो एक ओळ खायचा, मी एक ओळ.

"अकराव्याच्या वेळी नियम बदलायचा," तो म्हणाला. "दगड कुणीही शोधू दे. प्रश्न मी विचारणार."

"का म्हणून?"

"कारण माझा प्रश्न ठरलाय."

पाण्यात दिवे थरथरत होते. मी कणसाकडे बघत राहिले. प्रश्न काय आहे हे मला ठाऊक होतं. माझं उत्तरही मला ठाऊक होतं. मी ते मनात इतक्या वेळा दिलं होतं की त्याच्या कडा झिजल्या होत्या.

पण आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, चहा निवला तरी कपाकडे बघत बसायचे. मी दहा मिनिटं उशिरा आले तर फाटकात उभे असायचे. त्यांना कसं सांगू, की मी एका फिरतीवर काम करणाऱ्या माणसाबरोबर निघालेय? आज या गावी, उद्या त्या? मला थोडे दिवस हवे होते. चार रविवार. फार तर पाच. अण्णांना जरा सावरू दे, मग सांगते. आणि खरं सांगायचं तर... आणखी एक होतं. मला ते रविवार संपायला नको होते. अकरावा सापडला की शोधायचं काय?

मी त्याला म्हणू शकले असते, "थोडं थांबशील?" दोन शब्दांचं तर काम होतं. पण मी नकाशे उतरवणारी बाई. मला जे करता येत होतं ते मी केलं.

त्या आठवड्यात मी अकराव्या ठिपक्याचा भाग उतरवला. ओळी काढल्या. शाई वाळली. मग कागद पालटला आणि आकडे, नावं, उत्तरेचा बाण, सगळं पाठीमागच्या बाजूने लिहिलं. कालव्याच्या पूर्वेचा ठिपका पश्चिमेला आला. भिंगकाकांचा पहिला धडा मी जाणूनबुजून मोडला. एकही अक्षर हललं नाही, याचंच आज आश्चर्य वाटतं.

तीन रविवार आम्ही पश्चिमेच्या काठावर भटकलो. काय सुंदर होते ते रविवार! एका घराच्या पाठीमागे बुजवलेली खिडकी सापडली, तिच्या चौकटीवर कुणीतरी कोरलेलं मांजर सापडलं. गोदामाच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण सापडली, माझ्या खांद्याएवढी. दगड सोडून सगळं सापडलं.

"इथे वळण असायला हवं होतं," तो पुटपुटायचा.

"दीडशे वर्षांत रस्ते बदलतात, चुनेवाले."

"माणसांपेक्षा सावकाश."

तिसऱ्या रविवारी रिमझिम लागली. आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो, दंडाला दंड लागत होता. ट्रेसिंगवर थेंब पडले. एरवी नकाशा माझ्याच हातात असायचा. त्या दिवशी त्याने तो घेतला आणि पाणी टिपायला तळवा फिरवला.

तळवा मध्येच थांबला.

त्याने एक बोट पुढून फिरवलं. मग कागद उलटून मागून. अगदी हळू, भिंतीवरून फिरवायचा तसं. मी बघत होते आणि मला त्यात फक्त त्याची सवय दिसली.

"हा नकाशा तूच उतरवलास ना?"

"मग काय, अण्णांनी?"

"कुठे चुकला तर नाही ना?" त्याचा आवाज फार मऊ होता. आज वाटतं, कुणी दार किलकिलं करून उभं राहावं तसा. "चुकला असेल तर सांग. मला काही वाटणार नाही."

आणि मी मान ताठ करून म्हटलं, "माझा नकाशा चुकत नाही."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. त्याने नकाशाची नीट गुंडाळी केली, माझ्या हातात दिली.

"मग दगडच नसेल," तो म्हणाला.

*

पुढच्या गुरुवारी तो कार्यालयात आला. हात स्वच्छ धुतलेले. ते बघूनच मला कसंतरी झालं.

"येतो, नकाशेबाई. रविवारी निघतोय. बंदराच्या भिंतीचं काम आहे, तीन वर्षं चालेल."

"हे कधी ठरलं?"

"विचारणा महिन्यापूर्वीच झाली होती. हो म्हणायचं थांबवलं होतं." तो काउंटरकडे बघत होता, जिथे त्याचे ठसे होते तिथे. "तुमचं काही सांगायचं राहिलंय का?"

'तुमचं'. मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. महिनाभर याला माहीत होतं? कणीस खाताना माहीत होतं? म्हणजे तो प्रश्न वगैरे नुसती गंमत होती, निघायचं तर आधीच चाललं होतं! मागे भिंगकाका बसलेले, रांगेत दोन माणसं उभी. डोळे भरून येण्याआधी मला बोलून मोकळं व्हायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "माझं काही राहिलं नाही."

त्याने मान हलवली. वळताना थांबला.

"चुना आहे अजून ओला," तो म्हणाला. "आठवडाभर तरी."

मला वाटलं, कुठल्यातरी कामाबद्दल बोलतोय. मी पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला.

वर्षभराने माझं लग्न झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. सरळ माणूस, ओळ आणि अक्षर एकाच अंगावर असलेला. दिवसभर अडकलेल्या लोकांना बाहेर काढतो आणि घरी येऊन खारूचा घोडा होतो. मी सुखात आहे, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणते. अण्णा आता आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी सहज बोलता बोलता म्हणाले होते, "त्या चुन्याचं काम करणाऱ्या मुलाचं काय झालं गं? मला वाटलं होतं तू त्याचं नाव घेशील. मी वाट बघत होतो."

भाजी करपली होती, एवढं आठवतं.

आमचं हे घर कालव्याच्या पूर्वेला आहे. अकरावा दगड कुठे आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. सात वर्षांत मी त्या रस्त्याला एकदाही वळले नव्हते. भाजी आणायला लांबून जायचे. त्याच्याशिवाय बघायचा नाही, असं आधी रागाने ठरवलं होतं. मग राग गेला आणि नुसतं ठरवलेलं राहिलं.

*

"चप्पल घाल," मी खारूला म्हटलं.

"कुठे जायचं?"

"एक दगड शोधायला."

"दगड?" तिचे डोळे असे चमकले की जणू मी जत्रेला न्यायचं म्हटलंय. "कसला? माझा? मला मिळणार?"

"मिळणार नाही. बघायचा. खूप जुना आहे आणि लपलेला आहे. जो आधी शोधेल..." माझी जीभ अडखळली. पण शब्द सुटले होते. "जो आधी शोधेल त्याने एक प्रश्न विचारायचा. दुसऱ्याने खरं उत्तर द्यायचं."

"खरं म्हणजे अगदी खरं?"

"अगदी खरं."

पाऊस नुकताच थांबला होता. कालव्याचं पाणी गढूळ, काठावरच्या कठड्यावरून थेंब ओघळत होते. पूर्वी कालव्याच्या दारांची राखण करणारा माणूस ज्या खोलीत राहायचा, तिथे आता सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार, साठीचा, ओठांत वॉल्व्हची टोपी धरून ट्यूब पाण्यात बुडवत होता.

"काका, तुमच्या मागच्या भिंतीशी जाऊ का जरा? एक जुना दगड बघायचाय."

त्याने टोपी तोंडातून काढली. मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"आलात होय," तो म्हणाला.

"मी? मी तर पहिल्यांदाच येतेय."

"ते दिसतंच आहे. पहिल्यांदाच, आणि सात वर्षं उशिरा." ट्यूबमधून बुडबुडे निघत होते; त्याने अंगठ्याने भोक दाबलं. "एक चुनेवाला आला होता इथे. एका बुधवारी. म्हणाला, काका, तुमच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्याचा गिलावा पडलाय, करून देऊ? मी म्हटलं, कर बाबा, पण मी सांगितलेलं नाही, पैसे मिळणार नाहीत हं. दिवसभर राबला. जाताना ओलं पोतं टांगून गेला. म्हणाला, सुकू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, एक बाई येतील. बोटांना शाई असेल."

मी हात मागे घेतले. आता बोटांना शाई नसते.

"शनिवारी तो स्वतः येऊन बसला. त्या तिथे, दिवसभर. मी चहा दिला तो निवून गेला. रविवारी पहाटे गेला. मी आपला पंधरा दिवस मारत होतो पाणी. बायको म्हणायची, अहो, भिंत पोसताय की काय?" तो हसणार होता; माझ्याकडे बघून थांबला. "जा. मागे निसरडं आहे, पोरीला धरा."

पण पोर कधीच पुढे पळाली होती.

"सापडला! आई, मी शोधला! मी आधी!"

भिंतीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, शेवाळलेल्या जमिनीला टेकून, तो होता. अकरा. खाली बाण. बाकी भिंतीचे पोपडे निघाले होते, पण दगडाभोवती हातभर चौकट जशीच्या तशी होती — सायीसारखी गुळगुळीत, पांढरी. सात पावसाळे तिला काही करू शकले नव्हते.

मी गुडघ्यांवर बसले. साडी भिजली. डोळे मिटले आणि बोटं फिरवली.

दगडाच्या उजव्या बाजूला, खाली, एक खळगा. अंगठ्याचा. रेषान्‌रेषा उमटलेली. माझं बोट त्यात अलगद बसलं आणि सात वर्षांपूर्वीच्या त्या थंड चुन्यात जणू अजून कुणाचं तरी बोट होतं.

त्याच्या शेजारी खिळ्याने आखलेला एक चौकोन होता. एका अंगठ्यापुरता. आतलं सगळं मुद्दाम घोटून सपाट केलेलं. रिकामं.

चुना आहे अजून ओला. आठवडाभर तरी.

नकाशा मनातल्या मनात पालटून त्याने हा दगड शोधला आणि बुधवारी ही भिंत केली. गुरुवारी तो काउंटरशी उभा राहिला. माझा खोटेपणा त्याला बोटांनी कळला होता, आणि तरीही तो मला खरं बोलायला तीन वेळा जागा करून देऊन गेला. एकदा पत्र्याखाली, एकदा काउंटरशी आणि एकदा इथे. त्याला वाटलं असेल, हिला प्रश्न नकोच आहे, म्हणून हिने दगड लपवला. मला वाटलं, याला विचारायचंच नव्हतं. आणि मधे हा चुना बिचारा पोत्याखाली ओला राहून वाट बघत होता. म्हाताऱ्याने पंधरा दिवस पाणी मारलं. मी या रस्त्याला वळलेसुद्धा नाही.

मी त्या चौकोनावर अंगठा ठेवला. दाबला. जोरात दाबला, नख पांढरं पडेपर्यंत. दगडाइतकाच कठीण. उचलला तेव्हा ओल्या बोटाचा एक पुसट डाग होता. बघता बघता तोही वाळला.

"आई, रडतेस?"

"नाही गं. पाणी उडालं."

"अगदी खरं सांगायचं ठरलंय ना?" खारू माझ्या शेजारी उकिडवी बसली. तिने आपलं इवलंसं बोट आधी त्या खळग्यात घातलं, ते आत हरवून गेलं. मग शेजारच्या चौकोनावरून फिरवलं. चारही कडांवरून, सावकाश, पुन्हा एकदा. आणि डोळे मिटूनही फिरवून पाहिलं.

"मी शोधला, म्हणून मी विचारणार," ती म्हणाली. "इथे एक अंगठा आहे. आणि ही जागा रिकामी ठेवलीय. कुणासाठी ठेवलीय, आई?"